पीएलएलची बँडविड्थ पट्ट्याच्या टोकांना सरकते : कारण कसे शोधायचे, कॅलिब्रेशन कसे करायचे

लक्षण ओळखीचे आहे. मधल्या फ्रिक्वेन्सीवर पीएलएल (फेज-लॉक्ड लूप, म्हणजे स्थिर रेफरन्सशी फेज जुळवून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारे सर्किट) व्यवस्थित लॉक होतो, फेज नॉईजचा (सिग्नलच्या फेजमधल्या थरथरीचा) आलेखही हवा तसा येतो. खालच्या टोकाला गेले की नॉईजचा सपाट भाग नको तितका लांब पसरतो आणि रेफरन्स स्पर (रेफरन्समुळे उमटणारे नको असलेले सिग्नल) वर येतात. वरच्या टोकाला लॉक व्हायला खालच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. मग लूप फिल्टरमधला रेझिस्टर बदलला जातो, एक टोक सुधारते, दुसरे बिघडते, आणि पुढच्या बोर्डावर हाच खेळ पुन्हा सुरू होतो.

रेझिस्टर बदलून हा दोष जात नाही, कारण बहुतेक वेळा तो रेझिस्टरमध्ये नसतोच. चार्ज पंप (फेजच्या फरकानुसार फिल्टरमध्ये करंट ढकलणारा किंवा ओढणारा भाग) असलेल्या पीएलएलची लूप बँडविड्थ, म्हणजे लूप किती जलद बदलांचा पाठलाग करू शकतो ती मर्यादा, मुख्यतः चार गोष्टी मिळून ठरवतात:

बँडविड्थ (हर्ट्झ) ≈ चार्ज पंप करंट × आर × व्हीसीओ गेन ÷ (६.२८ × एन) × सी२ ÷ (सी१ + सी२)

यात करंट अँपिअरमध्ये, आर ओहममध्ये, व्हीसीओचा (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरचा) गेन हर्ट्झ प्रति व्होल्टमध्ये आणि एन म्हणजे फीडबॅक डिव्हायडरचा भागाकार. सी१ हा चार्ज पंपच्या पिनवरून थेट ग्राउंडला गेलेला छोटा कपॅसिटर. आर आणि सी२ ही त्याला समांतर असलेली सिरीज जोडी; हे तिन्ही मिळून लूप फिल्टर. फ्रिक्वेन्सी बदलली की एन बदलतो हे सगळ्यांच्या लक्षात असते. व्हीसीओ गेनही बदलतो, आणि एनपेक्षा कितीतरी जास्त बदलतो, हे मात्र सुटून जाते. डेटाशीटमध्ये गेनचा एकच ठराविक आकडा छापलेला असतो, तो सिम्युलेशनमध्ये भरला जातो आणि तिथेच चूक शिरते.

आकडे घालून पाहू

१० मेगाहर्ट्झ तुलना फ्रिक्वेन्सी (फेज डिटेक्टर ज्या फ्रिक्वेन्सीवर फेजची तुलना करतो ती) आणि २१०० ते २४०० मेगाहर्ट्झ आउटपुट असलेला इंटिजर-एन (एन पूर्णांकच असलेला) पीएलएल घ्या. चार्ज पंप ५ व्होल्टवर, करंट २.५ मिलिअँपिअर. आर ३९० ओहम, सी१ ३.३ नॅनोफॅरड, सी२ २२ नॅनोफॅरड. मधोमध, २२५० मेगाहर्ट्झला, एन २२५ आणि गेन ८० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट. बँडविड्थ सुमारे ४९ किलोहर्ट्झ येते, फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्यापासून किती दूर आहे त्याचे माप) ५० अंश. छान डिझाइन.

आता या व्हीसीओचा गेन खाली १२० आणि वर ५० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट आहे असे धरा. व्हॅरॅक्टरवर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणाऱ्या डायोडवर) चालणाऱ्या व्हीसीओमध्ये असा उतार नेहमीचाच, कारण उलटा व्होल्टेज वाढत गेला की व्हॅरॅक्टरची कपॅसिटन्स कमी कमी वेगाने घटते. २१०० ला बँडविड्थ सुमारे ७१ किलोहर्ट्झ होते, २४०० ला सुमारे ३२. सव्वादोन पटीचा फरक पडला, आणि फेज मार्जिन मात्र दोन्ही टोकांना ४७ ते ४९ अंशांच्या दरम्यानच राहिला. म्हणूनच हा दोष इतके दिवस लपून राहतो. लूप कुठेही अस्थिर होत नाही, लॉक डिटेक्टची (लॉक झाल्याचे सांगणारी) पिन सगळीकडे हिरवा दिवा दाखवते, आणि तरीही तीन फ्रिक्वेन्सींवर तीन वेगळे पीएलएल असल्यासारखे वर्तन मिळते.

हात लावण्याआधी साइडबँड कुठे आहे ते बघा

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर कॅरियरपासून (मुख्य सिग्नलपासून) साइडबँड (त्याच्या बाजूला दिसणारा सिग्नल) किती दूर आहे, एवढ्यावरून निम्मे निदान होते.

साइडबँड बरोबर तुलना फ्रिक्वेन्सीइतका, म्हणजे इथे १० मेगाहर्ट्झवर असेल, तर गळती करंट किंवा चार्ज पंपच्या वरच्या-खालच्या करंटमधली तफावत. लूप बँडविड्थच्या आसपास, ३० ते १०० किलोहर्ट्झवर उंचवटा दिसत असेल, तर फेज मार्जिन खाल्ला गेला आहे. उंचवटा जितका टोकदार तितका मार्जिन कमी. ५० किंवा १०० हर्ट्झच्या पटीत असेल तर तो मेन्सचा हम आहे, लूप फिल्टरला दोष देऊ नका. काही किलोहर्ट्झ ते मेगाहर्ट्झमध्ये असेल आणि फ्रिक्वेन्सी बदलली तरी तिथेच राहत असेल, तर आधी स्विचिंग पॉवर सप्लाय तपासा.

साइडबँडच नाहीत, फक्त नॉईजचा सपाट भाग टोकागणिक लांब-आखूड होतो आहे, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी.

व्हीसीओ गेन मोजणे, सोल्डरिंग न करता

लूप तोडून बाहेरून व्होल्टेज देत गेन मोजण्याची पद्धत बरोबर आहे, पण बोर्डावर ती त्रासाची. लूप लॉक असतानाच गेन मोजता येतो. २१०० पासून २४०० पर्यंत १० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी लॉक करत जा आणि प्रत्येक ठिकाणी ट्यूनिंग व्होल्टेज (व्हीसीओला मिळणारा व्होल्टेज) डिजिटल मीटरने वाचा. एकूण ३१ नोंदी. शेजारच्या दोन नोंदींमधला फ्रिक्वेन्सीचा फरक भागिले व्होल्टेजचा फरक, हाच त्या ठिकाणचा गेन. गेन ८० असेल तिथे एका पायरीला १२५ मिलिव्होल्ट बदलतात; मिलिव्होल्टपर्यंत वाचणारा मीटर पुरतो.

मीटरची १० मेगाओहमची वाट ही गळतीच आहे, पण लॉक असलेला लूप ती भरून काढतो. रेफरन्स स्पर थोडा वाढेल, व्होल्टेज मात्र जागचा हलणार नाही. मीटरच्या लांब वायरी अँटेनासारख्या नॉईज गोळा करतात, म्हणून ट्यूनिंग नोडपाशीच १०० किलोओहमचा रेझिस्टर लावून त्याच्या पलीकडे मीटर जोडा. वाचन १ टक्का कमी येईल, म्हणजे गेन १ टक्का जास्त दिसेल. हिशेबात तेवढे वजा करा.

नोंदींचा आलेख काढल्यावर दोन्ही टोकांना व्होल्टेज कुठे पोचतो ते मुद्दाम बघा. ५ व्होल्टच्या चार्ज पंपासाठी ०.५ ते ४.५ व्होल्ट ही सुरक्षित पट्टी समजा. त्याबाहेर पंपातल्या ट्रान्झिस्टरना पुरेसा व्होल्टेज उरत नाही, करंट घसरतो, आणि वरचा व खालचा करंट एकमेकांपासून फारकत घेतात. टोकाचा बिंदू या पट्टीबाहेर असेल तर कॅलिब्रेशनने काही साधणार नाही. आधी व्हीसीओची रेंज सरकवा.

ज्या चिपमध्ये व्हीसीओ आतच असतो आणि तो अनेक उपपट्ट्यांमध्ये विभागलेला असतो, तिथे आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो. ते ठीक आहे. पण एखाद्या दात्यात व्होल्टेज एकदम कडेला गेला असेल, तर उपपट्टी निवडणारे अंतर्गत कॅलिब्रेशन चुकीच्या घड्याळावर चालले आहे, किंवा सप्लाय स्थिर होण्याआधीच फ्रिक्वेन्सीचे रजिस्टर लिहिले गेले आहे. सप्लाय आणि रेफरन्स स्थिर झाल्यावर ते रजिस्टर पुन्हा लिहा आणि बघा.

चार्ज पंप करंटची खातरजमा

करंट ठरवणारा बाहेरचा रेझिस्टर १ टक्क्याचा असला तरी चिपागणिक करंटमध्ये काही टक्के फरक राहतो. लूप फिल्टर सुटा करा, पंपची पिन मायक्रोअँपिअर वाचू शकणाऱ्या मीटरमधून एका बदलत्या व्होल्टेज सोर्सला जोडा, पंपला चिपच्या टेस्ट मोडने सतत ‘वर’ आणि मग सतत ‘खाली’ ढकलायला लावा, आणि ०.३ ते ४.७ व्होल्टमध्ये करंट नोंदवा. टेस्ट मोड नसेल तर फीडबॅक इनपुट काढून घेतला की पंप ‘वर’ अडकतो, अशी युक्ती वापरली जाते. तिच्यात एक खोच आहे: इनपुट नसताना बरेच प्रीस्केलर (डिव्हायडरचा पहिला टप्पा) आपणहून ऑसिलेट होतात आणि डिव्हायडर खोटे पल्स मोजू लागतो. करंट अस्थिर दिसला तर हेच चालले आहे असे समजा.

बँडविड्थ प्रत्यक्ष मोजणे

फेज नॉईजच्या आलेखातल्या खांद्यावरून बँडविड्थ अंदाजे कळते, पण रेफरन्सचा नॉईज आणि व्हीसीओचा नॉईज कुठे एकमेकांना छेदतात यावर खांद्याची जागा अवलंबून असते. कॅलिब्रेशनसाठी तेवढ्यावर विसंबू नये. रेफरन्सला फेज मॉड्युलेशन देऊन मोजणे जास्त खात्रीचे:

१. १० मेगाहर्ट्झ रेफरन्स सिग्नल जनरेटरवरून द्या आणि त्यावर फेज मॉड्युलेशन चालू करा. रेफरन्सचा डिव्हायडर १ वर ठेवा.

२. आउटपुटवर फेजचा हेलकावा एन पटीने वाढतो, म्हणून रेफरन्सवर तो अगदी लहान ठेवावा लागतो. आउटपुटवर ०.२ रेडियन हवे असेल, म्हणजे साइडबँड कॅरियरच्या २० डेसिबल खाली, तर रेफरन्सवर ०.२ ÷ २२५ म्हणजे सुमारे ०.०००९ रेडियन. जास्त दिलेत तर दुसऱ्या क्रमांकाचे साइडबँड उगवतात आणि मोजमाप बिघडते.

३. मॉड्युलेशनची फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झला ठेवून साइडबँडची पातळी नोंदवा. हा शून्याचा आधार.

४. फ्रिक्वेन्सी ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी २०० किलोहर्ट्झपर्यंत न्या. पातळी आधी किंचित वर जाईल, मग उतरेल.

५. २१००, २२५० आणि २४०० मेगाहर्ट्झ, तिन्ही ठिकाणी हेच करा.

वाचताना एक गल्लत हमखास होते. पातळी ३ डेसिबल खाली येते तो बिंदू म्हणजे क्लोज्ड लूपची (फीडबॅक जोडलेल्या लूपची) बँडविड्थ, वरच्या सूत्रातली नव्हे. आपल्या उदाहरणात ओपन लूपचा गेन ४९ किलोहर्ट्झला १ होतो, पण क्लोज्ड लूप ३ डेसिबल खाली येतो तो सुमारे ८० किलोहर्ट्झला. ५० अंश फेज मार्जिन असताना ४९ किलोहर्ट्झवर साइडबँड आधारापेक्षा जवळपास १.५ डेसिबल वर असतो, खाली नव्हे. ८० वाचून ‘बँडविड्थ दीडपट जास्त आली’ असे ठरवून आर कमी केला, तर चांगला लूप हाताने बिघडवल्यासारखे होईल.

ऑसिलोस्कोपवर लॉकची उडी बघायची असेल तर उडी लहान ठेवा. १० मेगाहर्ट्झची एक पायरी चालते. २१०० वरून थेट २४०० ला उडी मारली की फेज डिटेक्टरची मर्यादा ओलांडली जाते, सायकल स्लिप होतात (फेजची पूर्ण आवर्तने निसटतात) आणि ट्यूनिंग व्होल्टेज दातेरी चढत जातो. त्या चित्रावरून फेज मार्जिन काढू नका. ते लूपच्या रेखीय वागण्याचे चित्रच नाही.

दुरुस्ती : करंटची तक्ती

सूत्रात आर, सी१, सी२ बोर्डावर पक्के बसलेले, गेन आणि एन फ्रिक्वेन्सीने ठरवलेले. उरला चार्ज पंप करंट, आणि तो रजिस्टरमधून बदलता येतो. म्हणून करंट × गेन ÷ एन ही राशी सगळीकडे सारखी ठेवायची. मध्यावर ती २.५ × ८० ÷ २२५ म्हणजे ०.८८९ आहे.

२१०० मेगाहर्ट्झला: ०.८८९ × २१० ÷ १२० = १.५६ मिलिअँपिअर.

२४०० मेगाहर्ट्झला: ०.८८९ × २४० ÷ ५० = ४.२७ मिलिअँपिअर.

बऱ्याच चिपमध्ये ५ मिलिअँपिअरपर्यंत १६ पायऱ्या, प्रत्येकी ०.३१२५ मिलिअँपिअरच्या मिळतात. खालच्या टोकाला ५वी पायरी, १.५६२५, मध्यावर ८वी, २.५, वरच्या टोकाला १४वी, ४.३७५. राहिलेली चूक अनुक्रमे अर्ध्या टक्क्याहून कमी, शून्य आणि अडीच टक्के. सव्वादोन पटीचा फरक एक सोल्डर जॉइंटही न उघडता इथवर येतो. आर-सी जागच्या जागी असल्याने झिरो आणि पोल (फिल्टरचा प्रतिसाद ज्या फ्रिक्वेन्सींना वळण घेतो त्या) हलत नाहीत, त्यामुळे फेज मार्जिनही सगळीकडे ५० च्या जवळ येतो.

मधल्या नोंदींसाठी ३१ बिंदूंच्या आलेखावरून तक्ती भरा. नवा करंट नव्या फ्रिक्वेन्सीबरोबरच लिहा. लॉक झाल्यावर मागाहून करंट बदलला तर स्थिर फेज ऑफसेट बदलतो आणि आउटपुटला धक्का बसतो. लॉक डिटेक्टला तो दिसणारही नाही, पण रिसीव्हरला दिसतो.

मध्याचा करंट मूळ डिझाइनमध्येच ५ मिलिअँपिअर ठेवला असेल तर वर जायला जागाच नसते. अशा वेळी मध्याचा करंट अर्ध्यावर आणा, आर दुप्पट करा, दोन्ही कपॅसिटर निम्मे करा. बँडविड्थ आणि मार्जिन तेच राहतात, वर पुरेशी मोकळीक मिळते. आर वाढल्याने त्याचा थर्मल नॉईज थोडा वाढेल, तेवढे स्वीकारावे लागते.

तक्ती भरूनही फेज मार्जिन कमीच

मग फिल्टरमध्ये न मोजलेला पोल आहे. रेफरन्स स्पर दाबायला पुढे आर३-सी३ लावलेले असते. १ किलोओहम आणि ३३० पिकोफॅरड असेल तर पोल सुमारे ४८० किलोहर्ट्झवर पडतो आणि ४९ किलोहर्ट्झला जेमतेम ६ अंश खातो. हे परवडते. त्याच जागी १० किलोओहम बसवला गेला असेल तर पोल ४८ किलोहर्ट्झवर येतो आणि एकटाच ४५ अंश गिळतो. रेझिस्टरवरची छापील संख्या भिंगाखाली वाचा. १०२ आणि १०३ यांत एका आकड्याचाच फरक असतो. व्हीसीओच्या ट्यूनिंग पिनची स्वतःची कपॅसिटन्सही सी३ मध्ये मिळवा.

फास्ट-लॉक (उडीच्या वेळी बँडविड्थ तात्पुरती वाढवण्याची सोय) वापरत असाल तर तोही तपासा. त्यात करंट १६ पट करतात आणि त्याच वेळी एक स्विच आर ला चौथाईवर आणतो, म्हणजे बँडविड्थ चौपट होते आणि झिरोही चौपट वर सरकतो. स्विचची पिन नीट सोल्डर झाली नाही किंवा रजिस्टरमध्ये चालू केली नाही, तर आर तसाच राहतो, लूपचा गेन १६ पट होतो, आणि उडी मारताना पीएलएल काही मायक्रोसेकंद सैरभैर होतो.

कपॅसिटर

सी२ थोडा इकडेतिकडे झाला तरी बँडविड्थ फारशी हलत नाही, कारण सूत्रात तो सी२ ÷ (सी१ + सी२) एवढाच येतो. हलतो तो झिरो, आणि त्यामुळे फेज मार्जिन. एक्स७आर जातीचा सिरॅमिक −५५ ते १२५ अंश सेल्सिअसमध्ये १५ टक्क्यांपर्यंत सरकू शकतो, डीसी व्होल्टेजखाली आणखी घटतो, आणि वर तो पिझोइलेक्ट्रिक (धक्का बसला की व्होल्टेज निर्माण करणारा) असतो. अ‍ॅनालायझर कॅरियरवर १० किलोहर्ट्झ स्पॅनमध्ये ठेवा आणि प्लास्टिकच्या काडीने सी२ शेजारी बोर्डावर हलकेच टिचकी मारा. प्रत्येक टिचकीसरशी कॅरियरच्या दोन्ही बाजूंना क्षणभर पाते फुटले, तर तिथे एक्स७आर बसला आहे. तो काढून सी०जी (तापमान आणि व्होल्टेजने जवळपास न बदलणारा) सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर लावा. लॉक झाल्यावरही फ्रिक्वेन्सी शेवटच्या काही किलोहर्ट्झवर रेंगाळत पोचते, ही तक्रारही बरेचदा याच बदलाने जाते, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला चार्ज सावकाश बाहेर येत असतो.

गळती

१० मेगाहर्ट्झचा स्पर मूळ बोर्डावर नव्हता आणि रेझिस्टर बदलल्यावर आला, तर फ्लक्सचा उरलेला थर हा पहिला संशयित. चार्ज पंप ट्राय-स्टेटमध्ये (करंट ना ढकलतो ना ओढतो अशा स्थितीत) टाका आणि व्हीसीओची फ्रिक्वेन्सी किती वेगाने घसरते ते पाहा. फिल्टरमध्ये एकूण २५.३ नॅनोफॅरड आहेत. १ नॅनोअँपिअर गळती त्यांना सेकंदाला सुमारे ४० मिलिव्होल्टने रिकामे करते, आणि ८० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्टला ते सेकंदाला ३.२ मेगाहर्ट्झ होतात. अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर हे डोळ्यांनी दिसते.

ही चाचणी ऑसिलोस्कोपच्या प्रोबने करू नका. २.५ व्होल्टवर १० मेगाओहमचा प्रोब स्वतःच २५० नॅनोअँपिअर ओढतो, म्हणजे शोधायच्या गळतीच्या अडीचशे पट. व्हीसीओ हाच इथला सर्वांत चांगला व्होल्टमीटर आहे.

घसरण जास्त असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने ट्यूनिंग नोडचा सगळा भाग धुवा, विशेषतः कपॅसिटरच्या पोटाखाली, आणि गरम हवेने नीट वाळवून पुन्हा मोजा. ओला बोर्ड मोजला तर गळती आधीपेक्षा वाईट दिसेल.

तापमान

तक्ती २५ अंशांवर बनवली असेल तर ती २५ अंशांचीच आहे. व्हीसीओचा गेन आणि त्याची रेंज दोन्ही तापमानाने सरकतात, त्यामुळे टोकाचे बिंदू ०.५ ते ४.५ व्होल्टच्या पट्टीतून बाहेर निसटू शकतात. किमान तीन तापमानांवर, सर्वांत कमी, मधले आणि सर्वांत जास्त, ट्यूनिंग व्होल्टेजच्या त्याच ३१ नोंदी घ्या. तिन्ही आलेखांचे उतार १० टक्क्यांच्या आत जुळले तर एकच तक्ती चालते. त्याहून फरक असेल तर बोर्डावरच्या तापमान सेन्सरच्या वाचनानुसार दोन-तीन तक्त्या ठेवा आणि पुढची फ्रिक्वेन्सी लिहिताना त्यांतली योग्य ती उचला. लॉक असताना मध्येच तक्ती बदलू नका.

व्हीसीओ, चार्ज पंपची चिप किंवा ट्यूनिंग लाइनवरचा कोणताही भाग बदलला की ट्यूनिंग व्होल्टेजच्या नोंदी नव्याने घ्या. आर, सी१, सी२ त्याच किमतीचे आणि त्याच जातीचे बसवले असतील, तर २२५० मेगाहर्ट्झला एकदा फेज मॉड्युलेशनची चाचणी केली आणि ३ डेसिबलचा बिंदू ७५ ते ८५ किलोहर्ट्झमध्ये आला, की काम झाले.